फ्लॅट रिकामा होणार नाही

मंडळी, आज दुपारी घरी जे झालं ते सांगतो.

नियम आपल्या सगळ्यांना पाठ आहे. दहावी-बारावी महाराष्ट्रात झाली, तरच पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात राज्यातल्या मुलांसाठी राखलेली जागा मिळते. नाहीतर आपली मुलं बाहेरची. म्हणून नववी संपली की बायको-मुलांना पुण्याला पाठवायचं आणि आपण इथे आखातात सामाईक बॅचलर खोलीत राहायचं, अशी आपली रीत. मीही अजमानचा फ्लॅट सोडायची नोटीस देऊन बसलो होतो.

आज वॉचमन खानभाई नव्या भाडेकरूंना फ्लॅट दाखवायला आले. दार माझ्या मुलीने, केतकीने उघडलं.

"सॉरी अंकल, धिस फ्लॅट इज नॉट एम्प्टी. वी लिव्ह हिअर."

खानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "साब, बच्ची क्या बोलती है?"

सातवीनंतर मी घर सोडलं, कारण गावात शाळाच सातवीपर्यंत होती. केतकीची शाळा तर दोन गल्ल्या पलीकडे आहे.

"सही बोलती है," मी म्हणालो. "नोटीस खलास."

बायकोने खोक्यात बांधलेले देव पुन्हा मांडले. मी दिवा लावला.

केतकी बाहेरच्यांच्या रांगेत उभी राहील. जागा थोड्या, रांग लांब. असू दे. तीन वर्षं बापाला फोनवर ठेवून मिळणारी जागा आम्हाला नको.

तुमच्याकडेही खोकी भरायला घेतली असतील. मुलांना विचारलंत का? मी विचारलं नव्हतं.