झग्याला वारा

आमच्या घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट फोटो साताऱ्यातल्या एकाच स्टुडिओत निघतात, पण तिथल्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. साठीचे असतील. समोरच्याची कॉलर सरळ करत ते प्रत्येकाला सांगतात, "हसा की वो जरा."

परवा मी त्यांच्याकडे कॉस्प्लेचे, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून, फोटो काढायला गेले. जपानी ॲनिमेतल्या मुलीसारखा निळा विग, आईच्या जुन्या पडद्याचा झगा आणि पुठ्ठ्याची तलवार. काका हसतील अशी धास्ती होती.

"ही कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"हरवलेल्या भावाला शोधायला एकटीच निघालेली योद्धी."

"मग हसायचं न्हाई," असं म्हणून ते कॅमेरा घेऊन माझ्यासमोर फरशीवर पालथे झोपले.

तेवढ्यात लग्नाच्या फोटोंसाठी थांबलेली मंडळी दारातून डोकावून खिदळू लागली. माझी तलवार खाली आली. काकांनी पडल्या पडल्याच सगळ्यांत मोठ्यानं हसणाऱ्या फेटेवाल्या मामांना हाक मारली.

"आवं मामा, आत या. त्यो भितीला टेकवलेला थर्माकोल घ्या आन् वारं घाला. पोरीचा झगा उडाया पायजे."

मामा ओशाळत आत आले. आधी हळूहळू, मग दोन्ही हातांनी वारा घालू लागले. झगा उडाला, तशी मी तलवार उचलली. दारातलं हसणं कधी थांबलं, मला कळलंच नाही.

काकांनी गुडघे चोळत उठून पहिला फोटो मामांनाच दाखवला. मामा बराच वेळ बघत राहिले. मग फेटा काढून त्यांनी पुन्हा थर्माकोल उचलला.

"आजून एक काढा. वारं कमी पडलं."

 काका पुन्हा फरशीवर आडवे झाले.