आक्काच्या घागरीवरची चोच

आमच्या गावात टँकरच्या रांगेत घागरी उभ्या असायच्या आणि बायका कामाला गेलेल्या असायच्या. पाथर्डीच्या बाजूचं कोरडं गाव, त्यात नव्वदच्या दशकातले उन्हाळे. हॉर्न वाजला की हातातलं टाकून सगळ्या पळत यायच्या. बाजारात प्लास्टिकच्या घागरी आल्या आणि पंचाईत झाली. सगळ्या निळ्या, सगळ्या सारख्या. कुणाची कुठली यावरून रोज झिंज्या धरायची वेळ. मग कुणी चिंधी बांधली, कुणी रंगाचा फराटा ओढला. तो रंग आठ दिवसांत पापुद्रे धरून सुटायचा.

माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, पोपट काढला आणि तो टिकला. स्टँडवर पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला तिने आधी सगळं विचारून घेतलं होतं. घागर साबणाने धुतली, मग पोपटाएवढी जागा पॉलिश पेपरने घासघासून तिची चकाकी घालवली. नव्या घागरीचं वाटोळं करतेय म्हणून आई ओरडली, मीही आईची री ओढली. आक्का आपली घासत राहिली. मग ऑईल पेंटचा पातळ हात, एक दिवस वाळवण, पुन्हा एक हात. हिरवा पोपट, लाल चोच.

पुढच्या दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. सासर पार अकोले तालुक्यात, डोंगरात, भाताच्या मुलखात. उन्हाळ्यात महिनाभर येते, असं सांगून गेली. घागर माझ्याकडे आली, पण रांगेत तिला कुणी माझी म्हणेना. आक्काची घागर पुढं सरकवा, असंच म्हणायच्या आणि मला विचारायच्या, कधी येणार गं ती? मला तिच्यावाचून करमत नव्हतं. सोळा-सतरा वर्षांच्या घोडीने हे बोलून दाखवायचं कसं, म्हणून गप्प बसायचे.

एप्रिलमध्ये पत्र आलं. राब भाजायचे होते, म्हणजे भाताची रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा पसरून ती जमीन जाळायची होती. घरात माणसं कमी, येणं जमणार नाही. मी पत्र पुरतं वाचलंसुद्धा नाही. घागर परसात नेली, फरशीचा तुकडा घेतला आणि पोपट खरवडायला बसले. रॉकेलचा बोळा फिरवून पाहिला. पोपट ढिम्म. सगळा राग काढून झाला तेव्हा फक्त चोच गेली होती. दुसऱ्या दिवशी तशीच घागर रांगेत लावली.

आणि मे संपता संपता आक्का अचानक दारात उभी. चार दिवसांसाठीच आली होती. रापली होती, वाळली होती. पाणी प्यायला वाकली आणि घागर दिसली. रांगेत घासली गेली, असं मी ठोकून दिलं. तिने चोचीच्या जागेवरून बोट फिरवलं. ओरखडे सगळे तेवढ्याच जागी होते. ती काही खुळी नव्हती. आता ही रडणार, असं मला वाटलं.

"लई घासलंस गं," ती म्हणाली. "बरं झालं. आता रंग धरंल हितं."

डब्यातल्या लाल रंगावर साय आली होती. ती फोडून तिने चोच रंगवली, पण ते शेवटच्या दिवशी, एस.टी.ला निघायच्या आधी. दोन दिवस पाणी लावू नको, एवढं बजावून गेली.

मी घागर कोनाड्यात ठेवली. एक घागर पाणी कमी आलं म्हणून आईची बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी टँकरपाशी शेजारणीला रांगेत पोपट दिसला नाही.

"आक्का गेली व्हय?" तिने विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "हाय अजून."

एस.टी. आदल्या सकाळीच गेली होती. घरी चोच अजून बोटाला चिकटत होती, आणि ती वाळूच नये असं मला वाटत होतं.