पत्रकातली बाई

चष्म्याच्या दुकानात अठ्ठावीस वर्षं भिंगं घासणाऱ्या माणसाला कुणी लेखक म्हणत नाही, आणि त्यालाही तशी हौस नव्हती. मागच्या खोलीत यंत्रापाशी बसायचं, गिऱ्हाईक आलं की त्याला खुर्चीत बसवून डोळ्यांपुढची भिंगं बदलत विचारायचं, "पहिलं बरं की दुसरं?" दिवसभरात एवढंच काय ते त्याचं बोलणं. उरलेलं सगळं बोलणं घरी बायको करायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

जोडधंदा त्याच्या गळ्यात पडला तो मालकांच्या आळसामुळे. दुकानाचं पत्रक छापायचं होतं, मालकांना चार ओळी सुचेनात, म्हणून त्यांनी कागद याच्याकडे सरकवला. यानं दुसऱ्या दिवशी लिहून आणलं, 'डोळे मिटून विश्वास ठेवा असं आम्ही म्हणणार नाही. आधी बघा, मग घ्या.' नव्या चष्म्यासाठी आलेल्या गादीवाल्यानं नव्या चष्म्यातूनच ते पत्रक वाचलं आणि हे कुणी लिहिलं म्हणून विचारलं. मालकांनी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. महिन्याभरात छापखान्यातून शंभर कार्डं आली, 'जाहिरातींचा मजकूर लिहून मिळेल. सकाळी सात ते नऊ, व रविवारी.' बोलणाऱ्याची मातीही खपते म्हणतात, पण या गृहस्थाला तर साधं 'या, बसा' म्हणतानाही घाम फुटायचा.

गुपित असं होतं की तो एकटा लिहीत नव्हता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तो बसायचा आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला मजकूर वाचून दाखवायचा. ती खुर्ची बायकोची. बायको म्हणजे बाजाराचा धसका होता. साधी बादली घ्यायची तर ती उलटी करून, ठोकून, कडीला लोंबकळून बघायची, दहा प्रश्न विचारायची आणि बादली जागच्या जागी ठेवून घरी यायची. दुकानदार तिला लांबूनच नमस्कार करायचे, आणि त्यात आदर कमी, भीती जास्त असायची. तिच्या गळी जे उतरेल ते कुणाच्याही उतरेल, हा त्याचा साधा हिशेब होता. त्यानं 'सर्वोत्तम' असं वाचलं की खुर्ची म्हणायची, "कुणी ठरवलं? तुम्हीच ना?" तो खोडायचा आणि विचारायचा, मग काय लिहू? "खरं लिहा की. खऱ्याला काय धाड भरलीय?"

त्याला वेड लागलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. चोवीस वर्षं ज्या माणसाबरोबर काढली त्याचं उत्तर ऐकायला कान लागत नाहीत. हिचा आवाज गेला नाही, एवढं एकच सुख त्याला त्या घरात उरलं होतं, आणि तो तेच जपत होता.

मग गादीवाल्याला पत्रकात गिऱ्हाइकाचे दोन शब्द हवेसे वाटले. त्याची खरी गिऱ्हाइकं 'बरी आहे' यापुढे जात नव्हती. तो म्हणाला, तुम्हीच लिहा काहीतरी, एखाद्या बाईचं म्हणून. चष्मेवाल्यानं फार विचार केला नाही. बायको एकदा खरोखरच दुकानातल्या गादीवर पाऊण तास आडवी झाली होती आणि उठून काही न घेता चालती झाली होती. त्यानं लिहिलं, 'मी दुकानातच पाऊण तास झोपून बघितलं. कुणी उठा म्हणालं नाही. म्हणून घेतली.' खाली सही, एक समाधानी गृहिणी. सगळा मजकूर खरा होता, फक्त शेवटचा शब्द सोडून. तिनं गादी घेतली नव्हती. खुर्ची त्या वेळी काहीतरी बोलली असणार, पण हा तोवर पेनाला टोपण लावून उठला होता.

पत्रक असं चाललं की गादीवाल्याला दम खायला सवड मिळेना. लगेच लाँड्रीवाला आला, कुलूपवाला आला. सगळ्यांचं मागणं एकच, ती बाई आम्हालाही द्या. त्यानं दिली. बाई लाँड्रीसाठी म्हणाली, 'डाग कपड्याला लागतो, माणसाला नाही.' कुलूपवाल्यासाठी म्हणाली, 'कुलूप चोरासाठी नसतं, आपल्या झोपेसाठी असतं.' लाँड्रीच्या भिंतीवर ते वाक्य हातभर निळ्या अक्षरांत रंगवलं गेलं. कामावर जाताना तो रोज त्या भिंतीकडे बघून किंचित मान हलवायचा. गेलेलं माणूस परत येत नाही म्हणतात. त्याची बायको तर त्याला चौकाचौकात भेटायला लागली होती, आणि तो मनातून सुखावला होता, हे कबूल करायला हवं.

पुढे ती नको तिथेही भेटायला लागली. एकदा बसथांब्यावर मागून आवाज आला, "ती म्हणते ना, कुलूप चोरासाठी नसतंच मुळी." अगदी बायकोचा सूर, 'मुळी'वर तिच्यासारखाच जोर. हा वळला तर एक अनोळखी बाई मैत्रिणीशी बोलत होती. तिची बस आली, ती चढली, आणि हा आपली बस सोडून त्या बसमागे वीसेक पावलं धावला. मग भानावर आला आणि फुटपाथवर उभा राहिला. दुकानात पोचायला उशीर झाला तो झालाच.

आणि इकडे खुर्ची गप्प व्हायला लागली. गप्प म्हणजे अगदीच गप्प नाही. रेनकोटवाल्यानं नमुना पाठवला होता. बोटानं ओढताच त्याची शिवण उसवत होती. यानं लिहिलं, 'आयुष्यभराची सोबत', वाचून दाखवलं आणि आता ती झोडपून काढणार म्हणून वाट बघितली. खुर्ची म्हणाली, "छान आहे." यानं मुद्दाम 'जगातला एकमेव' असं जोडलं. "छान आहे." हयातीत बायकोनं दुकानातल्या कुठल्याच वस्तूला छान म्हटलं नव्हतं, आणि नवऱ्यालाही क्वचितच. समोर कोण बसलंय, हे त्याला कळेना. त्यानं कागद तसाच टाकला आणि दोन तास आधीच दुकान गाठलं.

त्याच आठवड्यात रविवारी लेक आली. ती दुसऱ्या गावात शाळेच्या कचेरीत काम करायची, आणि तिला सहावा महिना होता. चहा झाल्यावर तिनं पिशवीतून जाड पुठ्ठ्याची वही काढली. आईचं बोलणं ती आठवेल तसं उतरवत होती. बाळाला आजी कशी होती ते कळायला नको का, फोटोत काही ती बोलत नाही, असं तिचं म्हणणं. तिनं वाचायला सुरुवात केली. बादलीवाल्याला दिलेली उत्तरं आली, शेजारणीशी झालेलं भांडण आलं. बाप हसून हसून डोळे पुसत होता. मग तिनं वाचलं, "डाग कपड्याला लागतो, माणसाला नाही."

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. लेक मात्र रंगात आली होती. ती सांगत होती की ती शाईनं माखून शाळेतून आली होती, आई मागच्या दारी नळाशी बसली होती, हातात साबणाची वडी होती, आणि मान वर न करता आई हे म्हणाली. तिला ऊन कुठे पडलं होतं तेसुद्धा आठवत होतं. त्यालाही एक गोष्ट आठवली. लेकीला पाठवायची प्रत्येक वस्तू तो वर्षभर उरलेल्या पत्रकांतच गुंडाळत होता.

गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसण्याची तर त्याला अठ्ठावीस वर्षांची सवय होती. पण मग नातवंडाला जी आजी मिळाली असती, ती लाँड्रीसाठी घडवलेली असती. आणि बोलावं तर लेकीच्या हातून नळाजवळची ती दुपार निसटत होती. त्यानं कपबशी बाजूला सारली.

"हे तिचं नाही गं. माझं आहे. लाँड्रीवाल्यासाठी लिहिलं होतं."

पत्रकातली बाई कोण, हे मग त्यानं पहिल्यापासून सांगितलं. लेकीनं वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मग त्या दिवशी ती काय म्हणाली?"

"काही नाही. दोन धपाटे घातले तुझ्या पाठीत."

लेकीला हसू फुटलं, अगदी आईसारखं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. मग तिनं नाक पुसलं, पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लागली. एकेक वाक्य आणि पुढे एकच प्रश्न, तिचं की तुमचं? आजवर हा लोकांना खुर्चीत बसवून विचारत आला होता, आज खुर्चीत तो होता. तिचं. तिचं. माझं. तिचं. खोडताना पेन्सिलीचा आवाज होत होता. मग आलं, "घाई असलेल्या माणसाला कुणीही फसवतं." तो थांबला. पुन्हा वाच म्हणाला. तिनं तीनदा वाचलं. हे बायको बाजारातून येताना म्हणाली होती, की घड्याळवाल्यासाठी त्यानंच कधी लिहिलं होतं? तिच्या आवाजातही ते ऐकू येत होतं आणि त्याच्या अक्षरातही दिसत होतं. थकलेली गिऱ्हाइकं शेवटी म्हणतात तेच तो म्हणाला, "दोन्ही सारखंच दिसतंय."

तिनं त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग आणखी दोन ठिकाणी काढलं. भिंगाच्या नंबरात पाव नंबराची चूक न करणारा माणूस स्वतःच्या बायकोला ओळखू शकत नव्हता, आणि याची त्याला इतकी लाज वाटली की त्यानं मान वर केली नाही.

वही मिटताना त्याला शेवटचं पान दिसलं. ते दुमडून आत घातलेलं होतं. ते काय, असं त्यानं विचारलं.

"ते दवाखान्यातलं. शेवटच्या दिवशी मला म्हणाली ते. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात."

त्याला हे माहीतच नव्हतं. तीन वर्षं तो समजून होता की त्या दिवशी ती कुणाशीच बोलली नाही.

"वाच ना."

लेकीनं वही पिशवीत ठेवली आणि पिशवीची चेन ओढली.

"नाही, बाबा. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही लिहाल."

तो म्हणाला की हा धंदाच बंद करतो, कार्डं जाळून टाकतो, हवं तर शपथ घेतो. लेक चिडली नव्हती. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"मुद्दाम नाही लिहिणार तुम्ही. पण लिहाल."

संध्याकाळी तिला बसमध्ये बसवून तो घरी आला. टेबलावर रेनकोटवाल्याचा कागद तसाच पडला होता. तो त्यानं उलटा करून ठेवला, पेन खिशातून काढून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि हात मोकळे ठेवून खुर्चीसमोर बसला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. एखादा टोमणा, एखादं अर्धवट वाक्य, नुसतं "काय मेलं हे" एवढंही त्याला पुरलं असतं.

"काय म्हणालीस गं तिला?" त्यानं विचारलं.

उत्तर लगेच आलं. जरासुद्धा न अडखळता, तिच्याच आवाजात, 'मुळी'वर तोच जोर देऊन. वाक्य सुरेख होतं. छोटं, गोळीबंद, पत्रकाच्या दोन ओळींत नेमकं बसेल असं. त्यानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याची बायको आयुष्यात कधी इतकं नेटकं बोलली नव्हती.