कारणाचा रकाना

पूर्णिमा मॅडमच्या शिकवणीत एक कायदा होता. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडं विधान, उजवीकडं कारण. कारण नसलं की शून्य, मग उत्तर बरोबर असो नाहीतर पोरगं आमदाराचं असो. कुरुंदवाडात त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात शिकायला बसणारी पोरं ह्या रेघेला जाम वैतागलेली.

मॅडमनी तिशी ओलांडली होती. बघायला पाहुणे यायचे, पोहे खायचे, आणि आठवड्यानं स्थळ आणणाऱ्या मामांचा फोन यायचा की जमत नाही. का, ते कुणी सांगायचं नाही. मग मॅडम आरशापुढं उभ्या राहून तो रिकामा रकाना स्वतःच भरायच्या. रंग असेल, उंची असेल, वय असेल. पुढं चार दिवस जेवण जायचं नाही.

यावेळी कोडोलीचे पाहुणे तासभर आधीच टपकले. मॅडमनी त्यांना मागच्या सतरंजीवर बसवलं आणि हातातलं प्रमेय पुरं केलं. फळ्यावर समद्विभुज त्रिकोण, वरच्या टोकापासून पायाच्या मध्यापर्यंत रेघ. दोन बाजू समान, कारण दिलंय तसं. पायाचे तुकडे समान, कारण तो मध्यबिंदू. मधली बाजू सामाईक. म्हणून बाबाबा कसोटीनं दोन्ही त्रिकोण एकरूप, आणि म्हणून पायाचे कोन समान. शिवानी नावाची पोरगी म्हणाली, एवढं कशाला, सारखे दिसतातच की. दिसणं हे कारण नव्हे, मॅडम म्हणाल्या. मागं बसलेला नवरा मुलगा, पृथ्वीराज, मनापासून हसला. जाताना म्हणाला, भूमिती आज कळली. खोटं कशाला सांगा, मॅडमना आशा लागली.

आठवड्यानं मामांचा फोन आलाच. कारण विचारायची रीत नसते, म्हणाले. मॅडमनी नंबर घेतला आणि थेट पृथ्वीराजला लावला.

"पूर्णिमा बोलतेय. नकार पोचला. कारण राहिलंय."

तो आधी पत्रिकेवर गेला. पत्रिका जुळल्यावरच तुम्ही आलात, मॅडमनी खोडलं. मग गाव लांब पडतं म्हणाला. ते आधीही तेवढंच लांब होतं. शेवटी खरं सांगून टाकलं.

"आईला तुम्ही लई बोलणाऱ्या वाटलासा. मला पसंत होतासा. पण आईपुढं माझं तोंड उघडलं न्हाय."

"हां. हे कारण झालं," म्हणून मॅडमनी फोन ठेवला.

वाईट वाटलं, ते वाटणारच. पण आरशाकडं काही त्या गेल्या नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन आईपुढं ताट घेऊन बसल्या, आणि पहिली भाकरी संपल्यावर म्हणाल्या, अजून एक वाढ.