फोग्टांचे खोटे कागद आणि ते अकरा सेकंद

आधीच स्पष्ट करते – अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. किंबहुना तो नसणं हाच माझा पेशा आहे. जर्मनीतल्या एर्लांगेनला मी पीएचडी करते. विषय : वैद्यकीय स्कॅनमध्ये यंत्रामुळे उमटणाऱ्या खोट्या सावल्या ओळखणे. थोडक्यात, जे दिसतंय ते तिथे नाहीच, हे सिद्ध केलं की माझा पेपर छापून येतो.

माझे घरमालक हेर (जर्मनमधलं ‘श्रीयुत’) लिंडनर हे चौऱ्याहत्तर वर्षांचे निवृत्त इंजिनिअर आणि उडत्या तबकड्यांचा अभ्यास करणाऱ्या एका नोंदणीकृत फेराइनचे, म्हणजे मंडळाचे, अध्यक्ष. जर्मनीत तबकड्यांच्या मंडळालाही घटना असते आणि प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त सहीनिशी लिहावं लागतं. मी एकदा आलुबुखाऱ्याचा केक खायला म्हणून गेले आणि इतिवृत्त-लेखनिक होऊन परतले.

गेल्या सप्टेंबरातला शनिवार. दुपारचे पावणेचार, घरामागची बाग, आकाश निरभ्र. हजर तिघंच : लिंडनर, मी आणि हेर फोग्ट. फोग्ट एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. वीस वर्षं मंडळाला ‘आतले’ गुप्त कागद आणून देत होते. तिघांचे मोबाइल नियमानुसार स्वयंपाकघरातल्या टोपलीत – डाटेनशुट्स, म्हणजे खासगी माहितीचं रक्षण, बहुधा तबकड्यांनाही लागू असावं.

दुसऱ्याच दिवशी लिंडनर एका बातमीदारासमोर फोग्टांचा सर्वांत मोलाचा कागद वाचणार होते : तबकड्या खऱ्या असल्याचं सत्तरच्या दशकातलं खात्याचं कबुलीपत्र. मी सहज त्यावरचा पत्ता वाचला.

“हेर लिंडनर, ह्यात पिनकोड पाच आकडी आहे.”

“गेनाऊ, बरोबर. मग?”

“तुमची त्या काळातली पाकिटं मीच फायलींत लावली. त्यांच्यावर चारच आकडे आहेत. पाच आकडे इथे खूप नंतर आले.”

फोग्टांनी काटा खाली ठेवला. “तो मी टाइप केला,” ते म्हणाले. “सगळेच मी केले. तुम्ही लष्करी विमानांच्या चाचण्यांकडे बघू नये, म्हणून खात्यानं मला तुमच्यावर नेमलं होतं.”

“पण तुम्ही निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, फोग्ट!”

“काम थांबवा, असं लेखी कुणी कळवलंच नाही… शिवाय केक चांगला असतो.”

वाचकांना हे हास्यास्पद वाटेल. जर्मनीत राहणाऱ्यांना वाटणार नाही. इथे लेखी क्युंडिगुंग, म्हणजे करार संपवण्याची नोटीस, पाठवल्याशिवाय जिमसुद्धा सुटत नाही.

लिंडनर उठले. “कॉफी आणतो,” एवढं म्हणून आत गेले.

आणि तेव्हाच… शेजारच्या छपराच्या वर आकाशात, क्षितिजापासून साधारण चाळीस अंशांवर, लांब धरलेल्या हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढी, राखाडी, रेखीव कडांची एक वस्तू. स्थिर. निःशब्द. सवयीनं मी सेकंद मोजले – अकरा. मग ती उडून गेली नाही, नुसती नव्हती.

“हे… तुमचंच ना?” मी फोग्टांना विचारलं.

ते पांढरेफटक पडले होते. “आमच्या खात्याची एवढी ऐपत कधीच नव्हती.”

लिंडनर ट्रे घेऊन बाहेर आले.

“लिंडनर! आत्ता, तिथे! खरोखरची!”

“पुरे, फोग्ट.”

“फ्राऊ साठेंना विचारा!”

लिंडनरांनी माझ्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत प्रबंध द्यायचा होता, इतिवृत्तावर सही माझी असणार होती आणि उद्या बातमीदार यायचा होता. ‘नाही’ म्हणणं सोयीचं होतं. पण निरीक्षण दडपणं हेही खोटंच. मी जे पाहिलं ते अंशांसकट सांगितलं.

त्यांनी शांतपणे माझ्यासमोर कप ठेवला. “तुम्हालाही नेमलं? केव्हापासून?”

बातमीदाराला त्यांनी कागद बनावट असल्याचं स्वतःच सांगितलं. त्यांची अब्रू वाचली. माझ्या इतिवृत्तावर मात्र अध्यक्षांची सही अजून बाकी आहे. फुगा, ड्रोन, काचेवरची तिरीप – सगळ्या शक्यता मी तपासल्या. एकही त्या अकरा सेकंदांवर बसत नाही. आई पुण्याहून म्हणते, “अगं, आधी डिग्री हातात येऊ दे, मग दिसू दे काय दिसायचं ते.”

लिंडनर आजही दर शनिवारी मला केक देतात. बशी पुढे करताना फक्त एवढंच म्हणतात, “चांगला झालाय, असं तुमच्या खात्याला कळवा.”