आमचे व्याही आणि मुका फोन

ये गं, अशी जवळ बस. दाराशी टेकून काय बसलीस पाहुण्यासारखी? आणि तो मोबाईल उलटा ठेव बघू. मी बोलायला लागले की तुझा अंगठा चालायला लागतो. इतक्या महिन्यांनी तोंड दाखवतेस आणि वर मलाच म्हणतेस, "मावशी, मधे तुमचा घरचा फोन लागतच नव्हता." लागेल कसा? त्याची हकिगत सांगायची तर आधी आमचे व्याही सांगायला हवेत. साऱ्या भोर-वेल्ह्यात असा दुसरा माणूस नाही बघ. बिघडलेली वस्तू त्यांना बघवत नाही, आणि चांगली चाललेली तर त्याहून बघवत नाही.

व्याही म्हणजे आमच्या लेकीचे सासरे. लेक-जावई पुण्यात, आणि हे भोरात, कचेरीतून निवृत्त होऊन. त्यांची बायको गेल्यापासून एकटेच असतात. पिशवीत धोतर-टॉवेल नसेल एक वेळ, पण चष्म्याच्या घरात चष्म्याऐवजी स्क्रूड्रायव्हर असतोच असतो, आणि चष्मा मग खिशात वाकडा होत राहतो. वस्तूशी बोलताना अहो-जाहो करतात. आमच्या पंख्याला म्हणाले होते, "बघा बुवा, तुमच्या मनात असेल तर फिरा, आमची जबरदस्ती नाही." पंखा फिरला, पण तेव्हापासून उलटा वारा देतो. काम झालं की उरलेला स्क्रू माझ्या तळहातावर ठेवतात, देवळात प्रसाद ठेवावा तसा. "विहीणबाई, हा कंपनीनं जास्तीचा घातला होता." भिंतीवरचं घड्याळ त्यांनी असंच बरं केलं. वेळ अगदी बिनचूक दाखवतं, फक्त आडवं निजवावं लागतं. म्हणून ते आता फडताळात असतं, आणि किती वाजले असं कुणी विचारलं की मी चादरी उचलते. लेकीच्या लग्नात तर कहर. भटजींचा माईक जरा घरघरला. नवरदेवाच्या बापानं त्या वेळी अक्षता धरून उभं राहायचं की नाही? हे डोक्याला फेटा आणि दातात वायर अशा अवतारात स्टेजच्या मागं! मांडवातले कर्णे मुके झाले आणि मंगलाष्टका निघाल्या त्या आचाऱ्याच्या शेडमधल्या कर्ण्यातून. पाहुण्यांनी अंदाजानं अक्षता टाकल्या. म्हाताऱ्या आत्याबाईंच्या तर नवरी बोहल्यावर यायच्या आधीच संपल्या.

हसू नकोस, मी काय कमी आहे का? शाळा माझी चार बुकांवर सुटली, पुढचं सगळं मी माझं माझं शिकले, आणि माझं माझं शिकलेल्या बाईचा एक तोटा असतो. तिला कुणी चूक आहेस म्हणत नाही. वस्तूंना जीव असतो, त्यांना विसावा लागतो, हे मी असंच शिकलेले. टीव्हीला झालर, मिक्सरला टोपडं, आणि निजायच्या आधी घरभर हिंडून भिंतीवरची सगळी बटणं बंद. सकाळी लागतील तेवढीच सोडायची, गोठ्यातली गुरं सोडावीत तशी. आमचे हे म्हणतात, "हिच्या हातात असतं तर हिनं नदीलाबी रातच्याला बटन लावलं असतं."

तर फोन. आमचा जुना तारेचा फोन बंद होणार असं कळलं. केबलवाला आला, टीव्हीमागं एक डबी लावून गेला, फोनची पिन मात्र तशीच लोंबती ठेवून. म्हणाला, आता इंटरनेट ह्यातूनच आणि घरचा फोनही ह्यातूनच, नंबर तोच राहील. लेक-जावयाचं म्हणणं, फोन टाकूनच द्या, मोबाईल आहे की. पण मला तो नंबर हवाच होता, अक्कासाठी. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, पानशेतच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहते. डोळ्यांनी दिसेनासं झालंय तिला. बटणांचा मोबाईल आहे, पण वाडीत रेंज नाही. सोमवारी सून तिला हाताला धरून देवळामागच्या कट्ट्यावर नेते. तिथं रेंज येते, आणि अक्का बोटांनी चाचपत आमचा नंबर लावते. तो एकच तिच्या बोटांना पाठ आहे. दुसरा शिकवायला गेलं तर म्हणते, "मोबाईलचं काय, खिशात हिंडतो. म्या घराला फोन करती." आपण तिला करावा तर तिचा कधी लागत नाही. म्हणजे आमचा फोन मुका झाला, की आम्हा दोघी बहिणींमधलं सगळं बोलणंच बंद.

डबी लावली तो सोमवार असाच सुना गेला. मी ह्यांच्या मोबाईलवरून व्याह्यांना कळवलं. दुपारच्या एस.टी.नं हजर! डबीच्या पाठीला भोकांची रांग असते बघ. मोठी सारखी सारखी चार, ती इंटरनेटची, आणि टोकाला एक जरा बारीक, ते फोनचं. फोनची पिन बारीक, त्यामुळं ती मोठ्या भोकातही खुशाल जाते. व्याह्यांनी ती रांगेतल्या पहिल्या भोकात घातली. "फोन वडीलधारा, पहिला मान त्याचा." रिसीव्हर कानाला लावला, सामसूम. मग फोन उघडला, पुसला, फुंकला, मिटला, स्क्रू माझ्या हातावर आला, तरी सामसूम. काम झाल्याशिवाय ते पानावर बसत नाहीत, म्हणून माझी बाजरीची भाकरी पापड होऊन पडलेली. शेवटी म्हणाले, "मागूनच लाइन नाही. उद्या येईल."

ते गेले आणि मी डबी पालथी करून बघितली. बारीक भोकावर फोनचं इवलं चित्र होतं. पिन तिथं घातली आणि कानात घुंई आवाज आला गं! इतका आनंद मला नातू झाला तेव्हाच झाला असेल. पण हे व्याह्यांना सांगायचं कसं? मुलाकडचे ते. मुलीच्या आईनं व्याह्याची चूक काढायची, हे आमच्यात कधी झालं नाही. मी त्यांना फोनवर म्हटलं, "पावणं, तुमी हात लावला आन् लागला बघा." ते खूश, मी खूश. निजताना मी नेहमीप्रमाणे बटणं मिटली, त्यात डबीचंही. टीव्ही आम्ही संध्याकाळी लावतो, तोवर डबी निजलेली. आणि अक्काचा फोन येतो सकाळी.

मला संशयसुद्धा आला नाही. जुना फोन लाइट गेली तरी वाजायचा. गावात अंधार असला तरी तो आपला ठणठणीत. फोनला लाइट लागते हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि विचारायची मला सवय नाही. पुन्हा सोमवार कोरडा. पुन्हा व्याही. आता गंमत ऐक. त्यांनी आल्या आल्या बघितलं, बटण बंद. पण विहिणीला "बटण बंद आहे" असं म्हणणं त्यांच्या सभ्यपणात बसेना. मला पाणी आणायला धाडलं आणि कोपरानं बटण दाबलं. मग पिन बारीक भोकात दिसली. त्यांना वाटलं, कुणीतरी हलवली. ती त्यांनी काढून परत पहिल्या मानाच्या भोकात घातली. मी ते गेल्यावर परत हलवली, आणि निजताना बटण मिटलं. असं किती दिवस चाललं म्हणून सांगू! एकमेकांचा मान राखत आम्ही दोघांनी आळीपाळीनं फोन मुका ठेवला. आणि दर खेपेला मी साऱ्या आळीत सांगायची, "आमचे व्याही आहेत म्हणून, नाहीतर हल्लीच्या यंत्रातलं कुणाला कळतंय!"

आणि एक दिवस पानशेतकडून येणारा दुधाचा टेम्पोवाला दारात थांबला. खाली न उतरताच म्हणाला, "मावशी, अक्कानं इचारलंय, तुमी दोगंबी हाईत न्हवं? तिला वाटतंय तुमच्यात कोन तरी गेलं आन् तिला सांगत न्हाईत. जेवन तोडलंय म्हातारीनं." आम्ही बरे आहोत असा निरोप दिला त्याच्याजवळ, पण आवाज ऐकल्याशिवाय अक्का कुणाचं ऐकणारी नाही.

त्या सोमवारी व्याही पहिल्या एस.टी.नं आले. मी चहा घेऊन आत वळले, तर पिन परत पहिल्या भोकात आणि त्यांचं कोपर बटणावर. मी बघितलं. ते पंख्याकडे बघायला लागले. चहा ठेवताना मी टीव्हीमागं हात घालून पिन बारीक भोकात सारली. ते त्यांनी बघितलं. मी कपबशीकडे बघायला लागले. मग त्यांनी घसा साफ केला. "विहीणबाई, राग मानू नका. पण ह्या डबीला रात्रंदिवस लाइट लागते."

"पावणं, तुमीबी मानू नका," मी म्हटलं, "पन फोनचं भोक ते बारकं हाय. चित्र काढलंय त्यांनी."

"मला दुसऱ्या खेपेपासून बटणाचं ठाऊक होतं हो."

"मला भोकाचं व्हतं."

आमच्या ह्यांनी पेपर खाली घेतला. "व्वा! आन् त्या म्हातारीनं तुमच्या मानापायी उपाशी मरायचं?"

लाज कशी वाटते ते त्या दिवशी कळलं बघ. तेवढ्यात फोन वाजला. मी धावले ती टीव्हीच्या लोंबत्या झालरीत पाय अडकून पडले, पण उचलला.

"जित्ती हायस का गं?" अक्काच!

"हाय गं अक्का. आमी दोगंबी हाय. फोन बिघडला व्हता."

"म्या दर सोमवारी लावत व्हते. कवा नुसता वाजत ऱ्हायचा. कवा ती बाई बोलायची, इंग्रजीत काय काय. मग म्या तिलाच सांगून ठेवायची, बाई, माझ्या भनीला सांग, म्या बरी हाय, तिची याद येती. सांगितलं न्हाई का तिनं?"

मी म्हटलं, "सांगितलं गं, सांगितलं." व्याही उठून अंगणात गेले आणि उगाच तारेवरच्या कपड्यांचे चिमटे नीट करत राहिले.

आता फोन ठणठणीत आहे. बटणाला मी हात लावत नाही, त्यावर चिकटपट्टी मारलीय. अक्का दर सोमवारी शिव्या घालते आणि जेवते. व्याही मात्र आले नाहीत तेव्हापासून. कसे येतील? मुलाच्या बापानं सुनेच्या माहेरी बिनकामाचं येऊन बसायचं, हे त्यांना जमणारं नाही. एवढे दिवस ते भोरात एकट्यानं काय जेवत असतील, हे मला फोन नीट झाल्यावरच सुचलं, अशी माझी अक्कल. परवा त्यांचा फोन आला. मिक्सर कसा आहे, मोटार पाणी खेचते ना, इस्त्री तापते ना, एकेकाची चौकशी केली. मी सगळ्यांचं बरं आहे म्हणत गेले, आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला. मग मात्र मी सरळ सांगून टाकलं.

"पावणं, काय बी बिघडलेलं न्हाई. तरी या. लौकर या."