शक्यतो लिहायचं नाही

चार माणसांच्या ऑफिसात काही घडलं की दुपारच्या चहाला त्याचा किस्सा होतो आणि संध्याकाळपर्यंत तो संपतोही. घरून एकट्याने काम करणाऱ्याचं तसं होत नाही. ऐकायला कुणी नसतं, त्यामुळे किस्से पावसाळ्यातल्या कपड्यांसारखे नुसते दोरीवर साठत जातात. माझी दोरी आता वाकलीय, म्हणून सांगते.

मी रत्नागिरीत, मांडवीजवळच्या आमच्या घरात, वरच्या खोलीत बसून सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन लिहिते. नवरा, सुहास, मर्चंट नेव्हीत. वर्षातला बराच काळ बोटीवर. आमची टीम दोघांचीच. पुण्यातला गिरीश टूल बनवतो, ते कसं वापरायचं ते मी लिहिते. टूल ॲनिमेशनचं आहे. समजा चेंडू हलवायचाय, तर तो सुरुवातीला कुठे आणि शेवटी कुठे, या नेमून दिलेल्या जागा म्हणजे कीफ्रेम. मधलं अंतर त्याने हळूहळू वेग घेत कापायचं की धावत येऊन अलगद थांबायचं, ते म्हणजे ईझिंग. फक्त हे टूल माणसं वापरत नाहीत. एआय एजंट, म्हणजे सांगितलेली कामं आपली आपण उरकणारे प्रोग्रॅम, ते वापरतात, आणि माझं लिखाणही तेच वाचतात.

*

पहिल्याच पानावर मी सवयीने स्वागताच्या दोन ओळी लिहिल्या. त्याआधी बरीच वर्षं वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं लिहिली होती, तिथे ‘अभिनंदन’पासूनच सुरुवात असायची. गिरीशने त्या ओळी काढून टाकल्या. मी विचारलं, का रे?

“ताई, त्यांना बरंबिरं वाटत नाही.”

लिहिताना मला बरं वाटलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

*

आमच्याकडे मासे घेऊन सुलूमावशी येते. दिवसभर वर बसून काय करतेस, असं तिने एकदा पायरीवर टोपली टेकवून विचारलं. मी म्हटलं, लिहिते. कोण वाचतं? म्हटलं, मशीन वाचतं. मग ते तुला उलटून काही सांगतं का, कसं वाटलं वगैरे? म्हटलं, नाही, वाचतं आणि सांगितलेलं करतं, बास.

मावशीने बांगडे मोजता मोजता मान हलवली. “म्हंजे तुज्या घोवासारखाच गो. आयकतो सगला, बोलत नाय काय.”

नवऱ्यावर गेली तशी मी हसले. मावशी गेल्यावर बांगडे साफ करताना मात्र हसू आलं नाही.

*

दार बंद होण्याचं एक उदाहरण मी लिहिलं होतं. कालावधी तीनशे, शेवटी वेग कमी करत अलगद मिटायचं. तीनशे काय, ते लिहायचं राहून गेलं. मला मिलिसेकंद म्हणायचं होतं, म्हणजे डोळ्याची पापणी लवेपर्यंत. एजंटने सेकंद धरले.

व्हिडिओ कॉलवर गिरीश आणि मी ते दार बघायला बसलो. दार काही मिटेना. चूक काय झाली ते दोघांनाही लगेच कळलं होतं. बंद करून दुरुस्त करता आलं असतं, पण कुणीच हात लावला नाही. पाच मिनिटं आम्ही गप्प बसून एक दार मिटताना बघत होतो. गिरीशच्या मागे पंख्याचा आवाज, माझ्या मागे समुद्राचा.

शेवटी दार चौकटीला टेकलं. गिरीश म्हणाला, “ताई, परत लावू?”

*

या गिरीशला मी तोवर प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. लांज्याला मावसभावाच्या लग्नाला आला, तेव्हा वाट वाकडी करून घरी आला. कॉलवर अखंड बोलणारी आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसलो आणि एकदम विषयच संपले. तो बराच उंच निघाला. मी म्हटलं, उंच आहेस की. तो हो म्हणाला. झालं.

मग त्याने फोन काढला. माझा फोन वाजला. मेसेज त्याचाच होता. ‘चहा छान झालाय.’

मी तिथेच बसून टाइप केलं, ‘अजून देऊ?’

*

एजंटसाठी लिहिताना गिरीशचा एक कडक नियम आहे. ‘साधारणपणे’, ‘बहुतेक’, ‘शक्यतो’ असे शब्द वापरायचे नाहीत. मशीनला एक तर हो सांगायचं, नाही तर नाही. दिवसभर तसं लिहून माझी जीभही तशी झाली.

एका रविवारी सुहासचा बोटीवरून फोन आला. गणपतीला येणार, हे त्याने जाताना सांगितलं होतं. नंतर प्रत्येक फोनवर ‘शक्यतो येतो’ म्हणायचा. त्या दिवशी तो हवेबद्दल बोलला, नव्या खानसाम्याबद्दल बोलला, मग परत हवेबद्दल. मी मध्येच म्हटलं, “गणपतीला येतोयस? हो की नाही, एवढंच सांग.”

मला वाटलं, रेंज गेली.

“नाही,” तो म्हणाला. “काँट्रॅक्ट वाढवलंय.”

फोन ठेवल्यावर मी वर गेले. त्या आठवड्याची पानं तपासली. नियमाप्रमाणे सगळी बरोबर होती.

*

परवाची गोष्ट. डॉक्युमेंटेशन वाचताना एजंटला कुठे अडलं की तो रिपोर्ट टाकतो, तो गिरीशकडे जातो. गिरीशने एक रिपोर्ट मला पाठवला. मागच्या खेपेला सुहासला स्टेशनवर सोडून आले, त्या दुपारी लिहिलेल्या एका उदाहरणाबद्दल होता. गाडी सुटतेय, फलाटावर एक बाई उभी आहे, तिचा हात झटकन उचलला जातो आणि वर पोचताना अलगद थांबतो, एवढंच ते उदाहरण.

एजंटने लिहिलं होतं, “हात खाली आणणारी कीफ्रेम दिलेली नाही. गाडी निघून गेल्यावरही बाईचा हात वरच राहतो. ही चूक आहे की हेतुपुरस्सर?”

खाली गिरीशची ओळ होती. ताई, राहून गेलं असेल, मी घालतो एक कीफ्रेम.

मी त्याला थांब म्हटलं, आणि रिपोर्टखाली उत्तर लिहिलं.

“हेतुपुरस्सर.”